मागील बाकी

पतसंस्थेची डायरी.
पहिल्या पानावर अध्यक्ष, दुसऱ्यावर संचालक मंडळ,
तिसऱ्यावर कुठं एक जानेवारी.
तिथं मी लिहिलं :
यंदा पोहत पलीकडं. सांगलवाडीला.
लिहून डायरी पालथी ठेवली,
कुणी वाचेल म्हणून.
घरात कुणीच नव्हतं.

एकोणीस वर्षं पिग्मी गोळा करते,
गणपती पेठ, मग मारुती चौक.
तवनाप्पांच्या भडंगाच्या दुकानी वीस,
मुल्लांच्या सायकलींपाशी दहा,
काजळ लावून बसलेल्या बांगडीवालीकडं पाच, तेही सुटे.
अख्ख्या पेठेचं 'उद्या' मला तोंडपाठ आहे.
कुणाचं खरं, कुणाचं नुसतं घसा खाकरणं,
गल्ला उघडायच्या आवाजावरनं कळतं.
माझं मात्र
मलाच कधी ओळखू आलं नाही.

महापुरात होडीवाल्या पोरानं विचारलेलं,
मावशी, पोहता येतं?
कृष्णेकाठी जन्मून मी म्हणाले, नाही.
त्यानं आधी पासबुकांची पिशवी उचलून घेतली,
मग मला.
त्या 'नाही'वर तेव्हापासून व्याज चढत होतं.

दोन जानेवारी, पावणेसहा.
लेकीचा जुना पंजाबी ड्रेस, तीन सेफ्टी पिना,
पाठीला तेलाचा रिकामा डबा.
दस्तगीरचाचा गाठ मारत म्हणाले,
"पाण्याला मारू नका बाई, बाजूला सारा."
मी मारतच राहिले.
डबा छान तरंगला.
मी त्याला लोंबकळत होते.

तीन. चार. पाच.
सहाला थंडी.
सातला नणंद.
आठला नुसतंच आठ.

फेब्रुवारीच्या पानांवर किराणा आहे :
शेंगदाणे दोन किलो, उदबत्ती, गॅसवाल्याचा नंबर.

मग एका दुपारी तवनाप्पा वीसची नोट पुढं करत म्हणाले,
"चार दिवसांचं मागू नका हं, ते गेले. आजचं घ्या."
मी आजचं घेतलं.
पावती फाडताना हात थांबला.
खाडा पडला म्हणून
मी आजवर कुणाचं खातं बंद केलं होतं?

दुसऱ्या दिवशी घाटावर गेले.
चाचांनी कुठं होता विचारलं नाही.
डबा बांधला.

एप्रिलच्या शेवटी डबा सुटला.
म्हणजे त्यांनी सोडला, मला न सांगता,
आणि पायरीवर बसून विडी पेटवली.
मी सात हात गेल्यावर पाठ हलकी लागली
आणि त्या क्षणी बुडाले.

जुलैत खाडा नदीचा.
अडीच महिने तांबडी, पायऱ्या गिळून बसलेली.
आयर्विन पुलावर स्कूटी थांबवून
मी रोज तिच्याकडं बघायची
आणि ती म्हणायची, पेठेतल्या कुणाहीसारखी,
या की उद्या.

ऑक्टोबरात पुन्हा घोट्यापासून सुरुवात.

एकतीस डिसेंबरला मध्यापर्यंत गेले.
तिथं पाणी वेगळं असतं, खालून गार,
कुणीतरी पाय मोजतंय असं.
पलीकडच्या काठावर एक म्हैस उतरत होती,
सावकाश, स्वतःच्या घरात शिरावं तशी.
दम होता. खोटं कशाला बोलू,
भीती आली.
उताणी झाले. कानात पाणी गेलं
आणि सांगली बंद झाली :
भोंगे, घंटा, दुधाच्या गाड्या, सगळं.
वर फक्त धुकं, आणि त्यात एक बगळा.
किती वेळ, ठाऊक नाही.
मग मागं फिरले.

चाचा टॉवेल देत म्हणाले,
"मधनं इकडं आलात काय आन् तिकडं गेलात काय,
अंतर सारखंच हुतं. मोजून बघा."

रात्री मोजलं.
हिशेब बरोबर होता त्यांचा.
पण पलीकडचा चिखल पायाला लागला नव्हता,
आणि मी पावतीशिवाय रक्कम धरत नाही.

नवी डायरी. तेच अध्यक्ष, केस जरा काळे.
एक जानेवारीच्या पानावर, वरच्या ओळीत,
लाल पेनानं :
मागील बाकी, अर्धी नदी.

डायरी या वेळी उघडीच राहू दिली.
पाच पंचवीसचा गजर लावला.